स्पर्धा संपली आणि पोट बिघडलं: पळणाऱ्या कुत्र्यांच्या आतड्यात नेमकं होतं काय?

ज्यांना कानात घालण्यापेक्षा डोळ्यांनी वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. ऑडिओतले निम्मे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कापलेत, बाकी जसंच्या तसं आहे. एक सूचना: जेवत असाल तर ताट संपवून या. आजचा विषय आहे कुत्र्याची शी.

हसू नका. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना माहितीये, फॅमिली ग्रुपवर या विषयावर किती गंभीर चर्चा होते ते. मी डॉक्टर नाही, दिवसभर कोड लिहितो. पण सिस्टीमवर लोड आला की नेमकं कुठे फाटतं, हे शोधणं हाच माझा धंदा आहे, आणि हा विषय अगदी तसाच निघाला. औषध कुठलं, किती, हे मात्र तुमच्या व्हेटलाच विचारायचं.

प्रश्न साधा आहे. कुत्रा एखाद्या स्पर्धेत पळतो. ॲजिलिटी असेल, लांब रेस असेल, डॉग शोमधला फन रन असेल. पळतो मस्त, शेपटी हलवत घरी येतो, आणि रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी जुलाब. कधी उलटी, कधी शीत रक्त. पळण्याचा आणि पोटाचा संबंध काय?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर बर्फात सापडतं. अलास्कात.

तिथे दर मार्चमध्ये इडिटारॉड नावाची शर्यत होते. १९७३ पासून अँकरेज भागातून नोमपर्यंत, साधारण १,६०० किलोमीटर. एक माणूस आणि त्याची स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणारे डझनभर किंवा त्याहून जास्त कुत्रे. नोम हे नाव ओळखीचं वाटत असेल तर ते बाल्टोमुळे. १९२५ मध्ये तिथे घटसर्पाची साथ आली, तेव्हा नेनाना ते नोम असं हजार किलोमीटरच्या वर अंतर कुत्र्यांच्या गाड्यांनी रिले करून औषध पोचवलं होतं. शेवटचा टप्पा बाल्टोच्या टीमने पळवला म्हणून पुतळा त्याचा झाला. सगळ्यात अवघड आणि लांब टप्पा टोगोच्या टीमचा होता, पण ते जाऊ द्या, त्यावर वेगळा भाग होईल.

तर आजच्या शर्यतीत पुढच्या टीम साधारण आठ ते दहा दिवसांत पोचतात. कुत्रे असतात पंचवीसेक किलोचे, आपल्या लॅब्रॅडॉरपेक्षा हडकुळे. आणि शर्यतीत एकेक कुत्रा दिवसाला दहा हजार कॅलरीच्या आसपास खातो. दहा हजार! आपण माणसं दोन-अडीच हजारात आटोपतो आणि वर जिम लावतो. एवढी ऊर्जा भातातून मिळत नाही, म्हणून त्यांच्या खाण्यात चरबीचा भाग प्रचंड असतो. म्हणजे ज्या काळात पोटाला सगळ्यात जास्त काम आहे, नेमक्या त्याच काळात शरीर पोटाचा पुरवठा तोडतंय. गोची इथे आहे.

पुरवठा तोडतंय म्हणजे काय, ते बघू. शरीरातलं रक्त ठरावीक आहे. कुत्रा जीव तोडून पळायला लागला की मेंदू ठरवतो, रक्त पायाच्या स्नायूंना द्या, हृदयाला द्या, अंग थंड ठेवायला द्या. मग कापायचं कुणाचं? जठर आणि आतड्यांचं. सर्व्हरवर ट्रॅफिक वाढला की आपण बॅकग्राउंड जॉब थांबवतो, तसंच. थोडा वेळ चालतं. पण आतड्याचं अस्तर ही शरीरातली फार खर्चिक जागा आहे. तिथल्या पेशी काही दिवसांत झडतात आणि नव्या येतात, त्यांना सतत ऑक्सिजन लागतो. तासन् तास रक्त कमी पडलं की अस्तर कमकुवत होतं. त्यात शरीराचं तापमान वाढलेलं असतं, आणि उष्णतेने पेशींमधले सांधे सैल पडतात. मग जे आतड्यातच राहायला हवं, म्हणजे जंतू आणि त्यांची विषारी द्रव्यं, ते रक्तात झिरपायला लागतं. स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांवर हे मोजून पाहिलंय. लांब पळल्यावर त्यांचं आतडं खरोखर जास्त 'गळतं'.

जठराचं दुखणं आणखी वेगळं. तिथे आधीच ॲसिड आहे. अस्तरावर एक चिकट संरक्षक थर असतो, आणि तो टिकवायला रक्तपुरवठा लागतो. पुरवठा घटला, वर ताणामुळे कॉर्टिसोल वाढलं, की ॲसिड आपल्याच भिंतीला खातं. २००१ च्या इडिटारॉडनंतर संशोधकांनी कुत्र्यांच्या पोटात एंडोस्कोपने, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने पाहिलं. जवळपास निम्म्या कुत्र्यांच्या जठरात जखमा, व्रण किंवा रक्तस्राव होता. आणि बाहेरून? बहुतेक कुत्रे ठणठणीत. खात होते, शेपटी हलवत होते. डॅशबोर्डवर सगळं हिरवं आणि आत डिस्क जळतेय, अशी अवस्था.

मला या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकली. कुत्रा तक्रार करत नाही. आणि हे पळायच्या नादाचे कुत्रे तर अजिबातच नाही.

यातून पुढे जे होतं ते जास्त वाईट आहे. जठर दुखावलेला कुत्रा पळता पळता उलटी करतो. धापा टाकत असताना ती उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि मग न्यूमोनिया होतो. या शर्यतीत अलीकडच्या वर्षांत जे कुत्रे मेले, त्यांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. म्हणजे 'पोट थोडं बिघडलंय' हे वाक्य दिसतं तेवढं साधं नाही.

यावर उपाय म्हणून ॲसिड कमी करणारी औषधं आली. ओमेप्राझोल, तेच जे आपल्या बाबांच्या औषधांच्या डब्यात सकाळच्या कप्प्यात असतं. स्लेज कुत्र्यांना ते आधीपासून दिलं तर जखमांची तीव्रता कमी होते, हे अभ्यासात दिसलंय. त्यामुळे तिथे हा वापर सर्रास आहे. आता इथे दोन बाजू आहेत. एक बाजू म्हणते, औषधाने कुत्र्याचा त्रास वाचतो, मग द्यायला हरकत काय? दुसरी म्हणते, ज्या खेळात निम्म्या खेळाडूंना अल्सर होतो तिथे औषध कसलं देताय, खेळ बदला. प्राणी हक्कवाले तर शर्यतच बंद करा म्हणतात. शर्यतवाले म्हणतात, आमच्याकडे प्रत्येक चेकपॉइंटला व्हेट आहेत, चोवीस तासांचा सक्तीचा थांबा आहे, आणि शंका आली की कुत्र्याला शर्यतीतून काढून विमानाने परत पाठवतो. माझं मत विचाराल तर औषध देणं चूक नाही, पण औषध देऊन अंतर तेवढंच आणि वेग वाढताच ठेवणं, हे पटत नाही. बग दुरुस्त न करता अलर्ट म्यूट केल्यासारखं आहे ते.

बरं. आता अलास्कातून खाली उतरू, कारण तुमच्या घरातली बीगल काही १,६०० किलोमीटर पळणार नाहीये.

ॲजिलिटीत कुत्रा उड्या मारतो, बोगद्यातून जातो, खांबांमधून नागमोडी पळतो, आणि एक फेरी मिनिटभरात संपते. मिनिटभरात आतड्याचा रक्तपुरवठा तुटून अल्सर होत नाही. मग यांचं पोट का बिघडतं? कारण इथे पळणं हा दिवसभराच्या कार्यक्रमाचा सगळ्यात छोटा भाग आहे. पहाटे उठवलं, गाडीत तीन तास, अनोळखी मैदान, शंभर कुत्र्यांचे वास, स्पीकरचा आवाज, पिंजऱ्यात वाट बघणं, आणि मालकाचे स्वतःचेच हात थरथरतायत. कुत्र्याला हे सगळं कळतं.

मेंदूतून ताणाचे जे संदेश निघतात ते थेट मोठ्या आतड्याला घाई करायला लावतात. पाणी शोषून घेणं हे मोठ्या आतड्याचं काम, पण शी तिथे पुरेसा वेळ थांबतच नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी आपल्याला तिसऱ्यांदा बाथरूमला पळावं लागतं ना, तेच. व्हेट याला स्ट्रेस कोलायटिस म्हणतात. आणि उत्साहही यात मोजायचा बरं का. कुत्रा घाबरलेलाच असायला हवा असं नाही, आनंदाने वेडा झालेला कुत्राही तेवढाच पेटलेला असतो.

हे ओळखायचं कसं? मोठ्या आतड्याचा त्रास असेल तर कुत्रा थोडी थोडी, पुन्हा पुन्हा करतो. कुंथतो. शीला शेंबडासारखा चिकट पदार्थ असतो, आपण आव पडली म्हणतो तसा. शेवटी एखादी लाल रेघही दिसू शकते. लहान आतड्याचा त्रास असेल तर चित्र वेगळं: एका वेळी भरपूर आणि पाण्यासारखी, सोबत उलटी, कुत्रा मलूल. आणि शी डांबरासारखी काळी, चिकट असेल तर ते वरून, म्हणजे जठरातून किंवा लहान आतड्यातून आलेलं, पचलेलं रक्त असू शकतं. लाल रक्त बघून लोक किंचाळतात आणि काळ्याकडे दुर्लक्ष करतात. खरं तर काळ्याला जास्त घाबरायला हवं.

आता तिसरा संशयित, आणि माझ्या मते आपल्याकडे हाच सगळ्यात मोठा: खाऊ. घरी दिवसाला चार तुकडे मिळतात, स्पर्धेच्या दिवशी चाळीस. चीज, लिव्हरचे तुकडे, सॉसेज, शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेलं बिस्किट. जिंकला म्हणून अर्धी चिकन तंदुरी! एवढी चरबी एकदम गेली की साधे जुलाब होतातच, पण स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. ते भयंकर दुखतं आणि त्यात दवाखान्यात दाखल करावं लागू शकतं. पीनट बटर देणाऱ्यांनी डब्याचं लेबल वाचा. झायलिटॉल नावाची साखर असेल तर ती कुत्र्यांसाठी विष आहे.

चौथा संशयित म्हणजे इतर कुत्रे. सगळ्यांची एकच पाण्याची बादली, तेच गवत. जिआर्डिया असाच पसरतो. लसीकरण अर्धवट असलेलं पिल्लू असेल तर पार्व्होची भीती खरी आहे, अशा पिल्लाला स्पर्धेच्या मैदानावर नेऊच नका. आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात डबक्यातलं पाणी प्यायला कुत्रा, तर लेप्टोही डोक्यात ठेवा. तो माणसालाही होतो.

आतापर्यंतचं वाचून 'हं, दोन दिवसांत बरं होईल' असं वाटलं असेल, तर बहुतेक वेळा ते खरंच आहे. पण दोन गोष्टी अशा आहेत की त्या सुरुवातीला पोट बिघडल्यासारख्याच दिसतात आणि काही तासांत जीव घेतात. या भागाचा खरा मुद्दा त्याच आहेत.

पहिली, उष्माघात. अलास्कात बर्फ असतो, आपल्याकडे मार्चमध्येच विदर्भ चाळिशीकडे धावतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जिभेवरून आणि श्वासातून उष्णता टाकतो. हवा गरम आणि दमट असेल तर ही पद्धत हरते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची तर लवकरच हरते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. गंमत म्हणजे जोरदार खेळल्यावर निरोगी लॅब्रॅडॉरचं तापमान ४१ च्या वर गेलेलं नोंदलंय आणि ते थोड्या वेळाने आपोआप खाली आलंय. त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कुत्र्याकडे बघा. झोकांड्या जातायत का? हाक मारल्यावर कळत नाहीये का? थांबल्यावरही धाप कमी होत नाहीये का? हिरड्या लालभडक झाल्यात का? तर तो उष्माघात समजा. उलटी आणि रक्ताचे जुलाब यात येतात, कारण आतड्याचं अस्तर अक्षरशः उष्णतेने निकामी होत असतं. कधी कधी हे जुलाब काही तासांनी सुरू होतात, जेव्हा मालकाला वाटत असतं की आता बरं आहे.

अशा वेळी आधी थंड करा, मग गाडीत घाला. सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, भरपूर ओता, आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उलट उष्णता कोंडतो. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका. आणि शुद्धीवर आला तरी व्हेटकडे न्याच, कारण किडनी आणि रक्त गोठण्याची गडबड नंतर दिसते.

दुसरी गोष्ट, पोट फुगून पिळा पडणं. व्हेट जीडीव्ही म्हणतात. जठरात हवा भरते आणि ते स्वतःभोवती फिरतं, वरचं आणि खालचं दोन्ही तोंडं बंद. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन असे मोठे, खोल छातीचे कुत्रे यात जास्त सापडतात. आपल्या सोलापूर-लातूरकडचा कारवान खोल छातीचाच, म्हणून त्याच्या मालकांनीही लक्ष ठेवावं. खूण अगदी ठळक आहे: कुत्रा उलटी काढायचा प्रयत्न करतो आणि बाहेर काहीच येत नाही, फार तर फेस. कोरड्या ओकाऱ्या. सोबत फुगलेलं पोट, अस्वस्थपणा, लाळ. हे दिसलं की गूगल करायचं नाही, ईनो पाजायचं नाही, 'सकाळपर्यंत बघू' म्हणायचं नाही. ऑपरेशन लागतं आणि वेळ तासांत मोजायचा असतो. जेवण झाल्यावर लगेच पळवल्यानेच हे होतं, असं सरसकट सिद्ध झालेलं नाही. पण भराभर गिळणं आणि दिवसातून एकदाच भरपेट खाणं हे धोके अभ्यासात पुढे आलेत.

साधे जुलाब असतील, कुत्रा खेळकर असेल, पाणी पीत असेल, तर घरी काय? पूर्वी चोवीस तास उपाशी ठेवायला सांगायचे. आता बरेच व्हेट म्हणतात, थोडं थोडं, पण द्या. आतड्याच्या पेशी आतून येणाऱ्या अन्नावरही जगतात. उकडलेलं, बिनकातडीचं, बिनमिठाचं, बिनकांद्या-लसणाचं चिकन आणि मऊ भात. चार-पाच वेळा, मूठ-मूठ. पाणी थोडं थोडं, सतत. आणि कुत्र्यांचं प्रोबायोटिक व्हेटने सांगितलं तर. पिल्लाला आणि अगदी छोट्या जातीच्या कुत्र्याला मात्र घरगुती प्रयोग नकोत, त्यांच्यातलं पाणी आणि साखर फार पटकन उतरते.

काय द्यायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. आपल्या घरातली जुलाब थांबवणारी गोळी, लोपेरामाइड, ही कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींतल्या काही कुत्र्यांच्या थेट मेंदूत शिरते, त्यांच्या एका जनुकात बदल असतो म्हणून. बॉर्डर कॉलीतही तो बदल क्वचित सापडतो, आणि ॲजिलिटीत याच जाती सगळ्यात जास्त, बघा म्हणजे योग कसा. लंगडतोय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक तर अजिबात नाही. ताणाने आधीच सोललेल्या जठरावर ही गोळी म्हणजे थेट भोक पडायची तयारी. आणि मेडिकलवाल्याकडून मेट्रोनिडाझोल आणून सुरू करण्याची आपली राष्ट्रीय सवय आहे. साध्या जुलाबाला त्याची बहुतेक वेळा गरज नसते, आणि आतड्यातल्या चांगल्या जंतूंची वसाहत मात्र त्याने उठते.

व्हेटकडे कधी? उलट्या थांबत नसतील, शी काळी असेल किंवा नुसतं रक्तच पडत असेल, कुत्रा पडून राहत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, किंवा एक-दोन दिवसांत फरक नसेल तर. जाताना शीचा फोटो घेऊन जा. खरंच! 'पातळ होती हो डॉक्टर' यापेक्षा फोटो हजार पटीने चांगला लॉग आहे. कधी खाल्लं, काय खाल्लं, किती वाजता पळाला, पहिले जुलाब कधी, हेही नोट्समध्ये टाका.

एक गोष्ट वारंवार घडत असेल, म्हणजे दर स्पर्धेनंतर किंवा नुसतं बोर्डिंगला ठेवल्यावरही कुत्रा उलट्या-जुलाब होऊन गळून जात असेल, तर 'याचं पोटच नाजूक' म्हणून सोडून देऊ नका. ॲडिसन्स नावाचा एक आजार असतो, ज्यात ताण पेलायला लागणारं कॉर्टिसोल शरीर बनवतच नाही. तो असाच येतो-जातो. रक्ताच्या तपासणीने कळतो आणि औषधाने आयुष्यभर सांभाळता येतो, पण न ओळखला तर एखाद्या दिवशी कुत्रा कोसळतो.

पुढच्या स्पर्धेची तयारी म्हणाल तर, मोठं जेवण पळण्याच्या किमान चार तास आधी. खाणं तेच, घरचंच. नवा ब्रँड स्पर्धेच्या आठवड्यात नाही. खाऊ लागणारच, तर रोजच्या जेवणातलेच दाणे पिशवीत घ्या. स्वतःचं भांडं, स्वतःचं पाणी. पळून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसतं चालवा, धाप उतरू द्या, पाणी थोडं थोडं द्या, आणि मग जेवण. आणि स्पर्धा नसलेल्या दिवशीही कधी मैदानावर नेऊन नुसतं बसा. गर्दी, स्पीकर, पिंजरा यांची सवय झाली की मोठं आतडं इतकी घाई करत नाही.

आणि पुन्हा सराव कधी, हे बरेच जण विचारतात. शी घट्ट झाली त्या दिवशी नाही. नेहमीचं खाणं पूर्ण पचायला लागलं, दोन-तीन दिवस शी नीट होतेय, आणि कुत्रा दाराशी पट्टा घेऊन स्वतः उभा आहे, की मग आधी अर्धा वेळ चालणं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक फोटो.